राहून गेलेली

१

नेरच्या सत्यशीलाबाईंनी बावीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली. लोक गाडीत काय काय विसरतात, हे त्यांच्याइतकं क्वचितच कोणाला ठाऊक असेल. छत्र्या, जेवणाचे डबे, चपलेचा एकच पाय, एक्स-रेची पिशवी, एकदा तर दातांची कवळी. सगळं डेपोत जमा व्हायचं. मग दुसऱ्या दिवशी विसरणारा धापा टाकत यायचा आणि ओशाळल्या तोंडाने खुणा सांगायचा. सत्यशीलाबाई स्वतः मात्र कधी काही विसरल्या नाहीत, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

यंदा डिसेंबरात त्यांना जहाजावर जायचं होतं. पुण्यातली लेक दीपमाला आणि जावई संघदीप यांनी तिघांचं आरक्षण केलं होतं. मुंबईहून गोवा, पुढे लक्षद्वीप आणि परत, पाच दिवस पाण्यावर. दीपमालाचं म्हणणं असं, की आई रोज गावाला गेली आणि कुठंच गेली नाही. ते खरंच होतं. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, गर्दीच्या खांद्यांवरून, फडक्याएवढा.

म्हणून आठ दिवस आधीच त्यांनी मधल्या खोलीत पलंगावर चाकांची बॅग उघडून ठेवली. घर तीन खोल्यांचं, आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागे एक. समोरची बैठक, मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि त्यामागे अंगण, तिथे मोरी आणि कपडे धुवायचा दगड. नवरा, भीमराज, जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा राजदीप अमरावतीला, लेक पुण्याला. घरात त्या एकट्याच.

दीपमालाने फोनवर यादी पाठवली होती, ती त्यांनी कागदावर उतरवून बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवली. वस्तू ठेवली की पेनाने बरोबरची खूण. आधार कार्ड, खूण. बीपीच्या गोळ्या, खूण. चष्मा, चार्जर, उलटीच्या गोळ्या, समुद्री निळ्या रंगाची नवी साडी, नवे सँडल, नवा ब्रश. सगळ्यांपुढे खुणा झाल्या.

त्या संध्याकाळी दीपमालाने व्हिडिओ कॉलवर बॅग दाखवायला सांगितली. सत्यशीलाबाईंनी झाकण उघडलं, तर बीपीच्या गोळ्या नव्हत्या. यादीत खूण होती, गोळ्या नव्हत्या. त्या स्वयंपाकघरात गेल्या. गोळ्या मिठाच्या बरणीशेजारी, रोजच्या जागी होत्या. दोघी मायलेकी हसल्या. दुसऱ्या दिवशी आधार कार्ड कपाटात सापडलं, आणि त्या हसल्या खऱ्या, पण एकट्याच.

२

रविवारी राजदीप बायकोला, प्रेरणाला, घेऊन आला. बहिणीने त्याला फोन केला असावा, कारण जेवण झाल्याबरोबर त्याने बॅग पुढ्यात ओढली आणि यादी वाचायला घेतली. बावीस वस्तू, बावीस खुणा, सगळ्या आईच्याच पेनाच्या. पाच वस्तू नव्हत्या. आधार कार्ड, गोळ्या, चष्मा, चार्जर आणि तिकिटाचा छापील कागद.

पावडर होती, कंगवा होता, रुमालाच्या घड्या होत्या. ज्याच्याविना अडणार नाही ते सगळं जागच्या जागी होतं. ज्याच्याविना जहाजात पाऊल ठेवता येणार नाही, नेमकं तेवढंच नव्हतं. हे राजदीपच्या लक्षात आलं नाही. सत्यशीलाबाईंच्या आलं.

राजदीप मऊ आवाजात बोलला, आणि तो मऊ आवाजच त्यांना लागला. आजीचं तुला आठवते ना, असं त्याने विचारलं. त्यांना न आठवायला काय झालं? त्यांची आई शेवटची तीन वर्षं स्वतःच्याच घरात बसून, मले घरी जाऊ द्या, म्हणत होती. राजदीपचं म्हणणं, ही सुरुवात असू शकते. जहाज रद्द करू, आधी डॉक्टरला दाखवू, आणि आता एकटीने इथे राहण्यात अर्थ नाही. प्रेरणा मान खाली घालून ताटं उचलत होती.

"तुयाच्यानं एक तरी वस्तू ध्यानात राहून राह्यली का, आई?" तो शेवटी म्हणाला.

 सत्यशीलाबाई नेर ते यवतमाळ रस्त्यावरचे थांबे उलटीकडून म्हणू लागल्या. विनंती थांबेसुद्धा, वडाचं झाड, पुलाजवळची टपरी, एकही न गाळता, शेवटपर्यंत. मग म्हणाल्या, "मी जाऊन राह्यली. डॉक्टर आल्यावर पाहू."

तो गेल्यावर त्यांनी पाचही वस्तू पुन्हा बॅगेत ठेवल्या. ठेवताना प्रत्येकीचं नाव मोठ्याने घेतलं. आवाज मधल्या खोलीत घुमला आणि स्वयंपाकघराकडे गेला.  भीती राजदीप म्हणाला त्याचीच होती. तेव्हा तरी दुसरी कसलीच नव्हती.

३

सोमवारी सकाळी त्यांनी नवा ब्रश पाहिला.

पाहायचं कारण नव्हतं. त्या बॅगेतला चष्मा तपासत होत्या, आणि तो नेहमीप्रमाणे नव्हता. शोधताना बोट ब्रशच्या पाकिटाला लागलं. पाकीट फोडलेलं होतं. ब्रशचे केस ओले होते.

सत्यशीलाबाई तो हातात धरून खिडकीशी आल्या. पेस्टचा ताजा वास येत होता. त्यांचा रोजचा ब्रश मोरीवरच्या पेल्यात होता, तोही ओलाच होता. त्या पलंगावर बसल्या आणि स्वतःला समजावू लागल्या. सकाळी झोपेत नवा ब्रश वापरला असेल, परत ठेवला असेल, पुन्हा जुन्याने दात घासले असतील. माणूस म्हातारं झालं की असं करत असेल. आईनेही केलं असतं.

मग त्यांनी सँडल काढून उलटे केले. दुकानातून आणल्यापासून ते खोक्याबाहेर आले नव्हते. तळाला काळी माती होती, अंगणातली, बोटाने दाबली तर दबेल इतकी ओली.

विसरणारं माणूस वस्तू ठेवायला विसरतं. ते वस्तू वापरून परत ठेवत नाही. हा विचार त्यांच्या डोक्यात सरळ, शांत आला. भूतबित त्यांनी कधी मानलं नव्हतं. बाप सभा-मोर्चांतला माणूस, लिंबू-मिरचीसुद्धा दारात लागू दिली नव्हती. म्हणून त्यांनी बाहेरच्या माणसाचा विचार केला. दाराच्या कड्या तपासल्या, मागच्या भिंतीवरून कोणी उतरू शकेल का ते पाहिलं. चोर आला असता तर टीव्ही नेला असता. दात घासून गेला नसता.

दुपारी त्यांनी बाजारातून लहानसं कुलूप आणलं, बॅगेच्या दोन्ही चेनच्या कड्यांत अडकवलं आणि किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. पाचही वस्तू आत. त्या दिवशी त्यांनी बॅग सतरा वेळा पाहिली. कुलूप तसंच होतं.

४

मंगळवारी त्या बँकेत गेल्या. परत आल्या तेव्हा अकरा वाजले होते. मागच्या अंगणात तारेवर निळी साडी वाळत होती.

नवी साडी. टपटप पाणी गळत होतं. काठाला, माती धुऊन काढल्यावर राहतो तसा पुसट डाग होता. साडी कोणी नेसली होती, नेसून चाललं होतं, ती मळली होती आणि धुतली गेली होती. सत्यशीलाबाई मधल्या खोलीत गेल्या. बॅगेला कुलूप होतं. किल्ली गळ्यात होती. उघडलं तर साडीच्या जागेवर नीट घडी करून त्यांचा घरचा जुना गाऊन ठेवलेला होता.

भिंतीपलीकडून विमलताईंनी हाक मारली. विमलताई शेजारच्या, वावरात कापूस-तुरी असलेल्या घरातल्या, तीस वर्षांच्या सोबतिणी. तोंडभर हसत त्या म्हणाल्या, की आज कंडक्टरबाई रागावल्या वाटते. तासाभराआधी दोन हाका मारल्या, पाठमोऱ्या कपडे धूत होत्या, मान वळवली नाही.

"मी बँकेत होतो, ताई," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"मंग कोण होतं?" विमलताई हसत होत्या. मग थोडं थांबून, नजर बारीक करून त्यांनी विचारलं, "आन तुमचे केस त बारीक हायेत. मले कमरेलोक काहून दिसले?"

सत्यशीलाबाईंनी रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी केस कापले होते. त्यांचा स्वतःचा असा तो पहिलाच निर्णय, भावकीत त्यावरून चार दिवस बोलणं झालं होतं. त्याआधी अंबाडा होता, सोडला तर कमरेपर्यंत यायचा.

विमलताईंनी डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं आपणच सांगून विषय मिटवला, पण जाताना म्हणाल्या की दाराला एखादं लिंबू बांधून पाहा. सत्यशीलाबाईंनी नको म्हटलं.

बुधवारी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. गोळ्यांच्या पट्ट्या मोजल्या. रोज एक गोळी, पण पट्टीतून दोन जात होत्या. हिशेब दोनदा केला, तिसऱ्यांदा केला. मग त्या सरकारी दवाखान्यात गेल्या आणि सिस्टरकडून बीपी मोजून घेतलं. त्यांचा तर्क साधा होता. विसरून रोज दोन गोळ्या पोटात जात असतील तर बीपी उतरलेलं दिसेल, चक्कर येईल. मग राजदीपचं खरं, मग जहाज नाही.

बीपी नेहमीपेक्षा जरा जास्तच होतं. गोळी चुकवता का, असं सिस्टरने विचारलं.

नाही, असं सांगून सत्यशीलाबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. दवाखान्याच्या आवारात ऊन होतं, गावातली माणसं येत-जात होती. त्यांना पहिल्यांदा नीट भीती वाटली, आणि त्या भीतीच्या तळाशी सुटल्यासारखंही वाटलं. डोकं शाबूत होतं. त्यांची गोळी दुसरं कोणी घेत होतं. ज्याला त्यांचंच दुखणं होतं असं कोणी.

५

शुक्रवारी दुपारी निघायचं, अमरावतीला राजदीपकडे चहा घ्यायचा, संध्याकाळी बडनेऱ्याहून गाडी, शनिवारी मुंबईत जहाज, असं ठरलं होतं. गुरुवारी दुपारी जेवण करून सत्यशीलाबाई बैठकीत खुर्चीवर बसल्या. बॅग दोन पायांच्या मध्ये घट्ट धरली, कोणी विश्वासाने सोपवलेलं पार्सल धरावं तशी. समोर दार सताड उघडं. रस्त्यावरून कापसाने भरलेला ट्रॅक्टर गेला. कुठेतरी शाळेत लेकरं पाढे म्हणत होती.

मग आतून नळ सुटल्याचा आवाज आला. भांड्यात पाणी पडलं, नळ बंद झाला. स्टीलच्या डब्याचं झाकण उघडलं आणि लागलं. मग खोकला आला. दोनदा कोरडा आणि एकदा घसा खाकरून. बावीस वर्षं गाडीत थांब्यांची नावं ओरडून ओरडून सत्यशीलाबाईंना जडलेला तो खोकला होता. त्यांचा आवाज आतून येत होता आणि त्या बाहेर बसल्या होत्या.

त्या उठल्या नाहीत. पळावं असंही वाटलं, दार समोरच होतं. रस्त्यावर माणसं होती, हाक मारली असती तर चार जण धावले असते. आणि आत काही सापडलं नसतं, आणि राजदीपला फोन गेला असता. हे सगळं त्यांना स्पष्ट दिसलं. मग त्यांनी कुलूप काढून बॅग उघडली. आतलं सामान खालीवर केलं. पाचही वस्तू नव्हत्या. पाच मिनिटांपूर्वी त्या होत्या, आणि तेव्हापासून बॅग त्यांच्या पायांतून हललेली नव्हती.

तेव्हा त्यांना राग आला. भीती होतीच, पण तिच्यावर राग चढला. उभ्या जन्मात कोणाच्या बसायच्या जागेवर कोणी दुसरं बसलेलं त्यांनी चालू दिलं नव्हतं. त्या उठल्या आणि आत निघाल्या. मधली खोली ओलांडायला सात पावलं लागतात, त्यांना ती फार वाटली.

स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं होतं. मागच्या दारातून ऊन आत आलं होतं. त्या उन्हात आधी दिसले ते पाय. टाचांना भेगा, तळव्यांना ओली काळी माती. मांडणीपुढे एक बाई बसली होती. पाठ इकडे. अंगावर निळी साडी, ओले मोकळे केस कमरेपर्यंत. तिच्या शेजारी फरशीवर आधार कार्ड, चष्म्याचा डबा, चार्जर, तिकिटाचा कागद होता. गोळ्यांची पट्टी ती मिठाच्या बरणीशेजारी ठेवत होती. घाई नव्हती, लपवाछपवी नव्हती. आपल्या घरात आपलं सामान लावणाऱ्या बाईचा हात जसा चालतो तसा तिचा हात चालत होता. त्या घरात आगंतुक कोणी असेल तर त्या सत्यशीलाबाई, असं वाटावं.

"ते माह्यं हाये," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

हात थांबला. बाईने मान वळवली नाही, पण तिने ऐकलं होतं, कारण खांदे किंचित वर आले. मान वळली तर काय दिसेल हे सत्यशीलाबाईंना कळत होतं, आणि ते दिसलं तर आपण या घरातून निघू शकणार नाही हेही कळत होतं. त्या पुढे झाल्या. तिच्या खांद्यावरून वाकून त्यांनी आधार कार्ड उचललं. मग तिकिटाचा कागद. चार्जर. बरणीजवळची पट्टी. ओल्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता.

चष्म्याचा डबा उचलायला गेल्या तेव्हा त्या बाईने त्यावर हात ठेवला.

हात गार असता तर बरं झालं असतं. तो गरम होता, जिवंत माणसाचा. अंगठ्याच्या बुडाशी टणक घट्टा होता, तिकिटं पंच करणाऱ्या चिमट्याने पडलेला. सत्यशीलाबाईंच्या हाताचा तो घट्टा तिकिटाची मशीन आल्यावर हळूहळू विरून गेला होता. दोघींचे हात डब्यावर होते आणि दोघींची ताकद सारखी होती.

"मले जाऊ दे," सत्यशीलाबाई म्हणाल्या. गाडीत अडून बसलेल्या माणसाशी बोलत तसा आवाज काढायला गेल्या, पण तो फाटला. मग त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा म्हणाल्या, "साडी राहू दे तुले. ब्रशबी राहू दे. हे मले लागते. सोड."

 बाहेर दगडावर कावळा उतरला, उडाला. मग त्या हाताची बोटं एकेक करून उचलली गेली.

सत्यशीलाबाई उलट्या पावलांनी मागे सरल्या. दाराची चौकट पाठीला लागेपर्यंत त्यांनी त्या पाठीवरून नजर काढली नाही.

६

त्या शुक्रवारपर्यंत थांबल्या नाहीत. कापडी पिशवीत पाच वस्तू टाकल्या. आधार कार्ड काढून ब्लाउजमध्ये खोचलं. बॅग बैठकीत तशीच उघडी सोडली, बाहेरून दाराला कुलूप घातलं आणि विमलताईंना एवढंच सांगितलं, की मी निघाली, कोणी दिसलं तरी घरात जाऊ नका.

साडेतीनच्या अमरावती गाडीवर फुलसिंग कंडक्टर होता, त्यांच्या हाताखाली शिकलेला. बाईंच्या हातात नुसती पिशवी पाहून त्याने डिक्कीत टाकायचं सामान विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने पुढची जागा दिली आणि तिकिटाचं नाव काढलं नाही, तर बाईंनी पासच पुढे केला. पास त्याच्या हातात द्यायच्या आधी खाली पडला. फुलसिंगने उचलून दिला.

राजदीपने दार उघडलं आणि पिशवीकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर ते रविवारचंच मऊपण आलं.

"आई, बॅग विसरली?"

"विसरली नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "ठेवून आली."

काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जहाज तिथेच संपलं असतं. प्रेरणाने आपल्या दोन साड्या आणि एक स्वेटर काढून दिला. रात्री राजदीप बायकोशी हळू आवाजात बोलत होता ते त्यांना ऐकू येत होतं. सकाळी त्याने पुन्हा अडवून पाहिलं. बऱ्या बोलाने बडनेऱ्याला सोडतो का मी रिक्षाने जाऊ, एवढंच सत्यशीलाबाईंनी विचारलं. त्याने सोडलं. गाडी हलली तेव्हा तो फलाटावर बरोबर चालत होता, लहानपणी डेपोत चालायचा तसा.

७

जहाज डेपोपेक्षा मोठं होतं. दारात माणसाने आधार कार्ड मागितलं, सत्यशीलाबाईंनी पाठ फिरवून ते ब्लाउजमधून काढून दिलं आणि त्याने फोटो आणि तोंड दोन्ही पाहून हसून परत केलं. त्या कार्ड हातात घेऊन दारातच थांबल्या. दीपमालाने दंडाला धरलं. तिला वाटलं आईला पाण्याची भीती वाटली.

पाण्याची त्यांना मुळीच भीती वाटली नाही. खोलीतला आरसा मात्र त्यांनी टॉवेल टाकून झाकला, आणि लेकीने विचारलं तर उजेड डोळ्यांवर येतो म्हणाल्या. बाकी वेळ त्या वरच्या डेकवर कठड्याशी उभ्या होत्या. मध्ये कोणाचे खांदे नव्हते. समुद्र पायापासून सुरू होऊन आभाळाला लागला होता, आणि इतकं सगळं एकदम पाहायची सवय नसल्याने त्यांचे डोळे राहून राहून भरत होते.

रविवारी जहाज गोव्याला लागलं. संध्याकाळी पाच वाजता सुटायची शिटी झाली आणि तेवढ्यात फोन वाजला. विमलताई होत्या. त्यांचा आवाज ओळखू येईना.

त्यांनी सांगितलं ते असं. दोन दिवसांपासून घरातून भांड्यांचा आवाज येत होता. कुलूप बाहेरून जसंच्या तसं. आज विमलताई कुलपाशी उभ्या राहिल्या आणि घाबरत का होईना त्यांनी हाक मारली, सत्यशीलाबाई, तुमी हाये का?

"आन आतून हो म्हणलं," विमलताई म्हणाल्या. "तुमच्याच आवाजात. मी राजदीपले फोन लावतो."

"राजदीपले नका लावू." सत्यशीलाबाईंनी कठडा घट्ट धरला. खाली पाणी मागे सरकू लागलं होतं. "तुमी आता कुठं हाये?"

"तुमच्या दारापाशीच. उजेड हाये म्हणून उभी हावो."

"फोनचा आवाज मोठा करा. दाराच्या फटीपाशी धरा. भेऊ नका, तुमाले काही करत नाही ते."

विमलताईंनी नाही-होय करत फोन धरला असावा. कुलूप फळीला घासल्याचा आवाज आला. मग नेरच्या त्या घराची शांतता फोनमधून आली, आणि ती सत्यशीलाबाईंना ओळखीची वाटली. दीपमाला लांबून हाताने खुणावत होती, आई, इकडे ये, फोटो काढू. त्यांनी तिला थांबायची खूण केली.

"ऐक," त्या फोनमध्ये म्हणाल्या. यावेळी आवाज फाटला नाही. "मी शुक्रवारी येऊन राह्यली. तोवर राह्य. गोळी रोज एकच घे. शुक्रवारी मी दार उघडलं का तू निघायचं. ते घर आता माह्यं हाये, मी त्यात येईन आन जाईन."

 वाऱ्याने पदर फडफडला, तो त्यांनी दातांत धरला. फोनवरच्या रेंजच्या पट्ट्या तीनच्या दोन झाल्या. मग अगदी जवळून, दाराला कान लावून कोणी उभं असावं इतक्या जवळून, त्यांचाच आवाज आला. पण असा त्यांनी तो स्वतःच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यात धमकी नव्हती. तो फक्त विचारत होता.

"कुठं जाऊ?"

विमलताईंच्या हातून फोन पडल्यासारखा आवाज झाला. तरी लाइन चालू होती. सत्यशीलाबाईंनी समोर पाहिलं. किनाऱ्याचे दिवे लागायला सुरुवात झाली होती आणि जहाजाचं तोंड मोकळ्या पाण्याकडे वळत होतं. त्या भ्यायल्या होत्या, मान्य, कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती. पण त्यांना कोणी प्रश्न विचारला आणि त्यांनी उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं.

"ते मले नाही माहीत," त्या म्हणाल्या. "मीबी आत्ताच निघाली. पण बस मिळते. रस्त्यावर उभं राह्यलं का मिळते."

पुढे काही ऐकू आलं का, ते त्यांना नीट सांगता आलं नाही. रेंज गेली.